फक्त बोलायला आणि मेसेजला फोन हवाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कॅमेरा नको, गेम नको, फोन लागला पाहिजे आणि आवाज नीट आला पाहिजे," अशा सुरुवातीने येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे आईवडिलांसाठी फोन बघणाऱ्या मुलामुलींचे आहेत, काही शेतावर दुसरा फोन ठेवणाऱ्यांचे, तर काही स्मार्टफोनला वैतागलेल्यांचे. तेच तेच उत्तर पुन्हा येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. साधा फोन घ्यायचाय. कुठला घेऊ?

मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी. आधी हे सांगा, की फोन दिवसभर जिथे असणार तिथे कुठल्या कंपनीची रेंज आहे? चार हजारांचा फोन घेतला आणि माजघरात रेंज नसली, तर तो खिडकीतच ठेवावा लागतो. म्हणून आधी रेंज, मग सिम, मग फोन.

रेंज तपासायला कंपन्यांचे नकाशे बघू नका. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागून घ्या आणि ज्या खोलीत, गोठ्यात किंवा दुकानात फोन वापरायचाय तिथे उभं राहून प्रत्येकावरून दोन-दोन मिनिटं बोलून बघा. नुसत्या दांड्या मोजू नका, समोरच्याला "माझा आवाज तुटतोय का?" असं विचारा. घाटाखालच्या वाड्यांमध्ये एका आळीत एक कंपनी चालते आणि ओढ्यापलीकडे दुसरी, त्यामुळे तालुक्याच्या गावात दुकानदार जे सांगतो ते तुमच्या वाडीला लागू पडेलच असं नाही.

चांगली रेंज असलेल्या कंपनीत नंबर न बदलता जाता येतं. इंग्रजी अक्षरांत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० वर मेसेज करायचा, की कोड येतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं.

२. २जी कीपॅड आणि ४जी कीपॅड यांत फरक काय? दिसायला तर सारखेच आहेत.

आवाज जायचा रस्ता वेगळा. २जी फोन जुन्या पद्धतीने कॉल लावतो. ४जी फोन इंटरनेटच्याच रस्त्याने आवाज पाठवतो, त्याला व्होएलटीई म्हणतात, दुकानात "व्होल्टी आहे का" असं विचारलं तरी कळतं. या कॉलसाठी ग्राहकाला वेगळं नेट घ्यावं लागत नाही.

एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांच्या सिमवर २जी फोन चालतात. जिओकडे २जी आणि ३जी दोन्ही नाहीत. २०१६ साली कंपनी सुरू झाली तीच थेट ४जीवर. घरातलं सिम जिओचं असेल किंवा पुढे होण्याची शक्यता असेल, तर २जी फोनाचा विचारच सोडा. तशी अडचण नसली तरी आज नवा फोन घेताना मी ४जीच घ्यायला सांगतो. त्याचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे, आणि त्याची किंमत बॅटरीत कशी मोजावी लागते ते प्रश्न ६ मध्ये.

३. जिओचं सिम नव्या कीपॅड फोनात टाकलं, नेटवर्कच येत नाही. फोन बदलून मागू का?

फोन चांगलाच असणार, तो २जी आहे. खोक्यावर ४जी किंवा व्होएलटीई लिहिलंय का ते बघा. नसेल, तर त्यात जिओ कधीच चालणार नाही, सर्व्हिस सेंटरला चकरा मारू नका. "चालतं की!" म्हणणाऱ्या दुकानदाराला त्याच्या समोरच तुमचं सिम टाकून एक कॉल लावायला सांगा. पैसे त्यानंतर द्या.

४. जिओभारत सगळ्यात स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

तुमच्या ठिकाणी जिओची रेंज उत्तम असेल आणि सिम बदलायचा विचार नसेल, तर घ्या. जिओचा हा ४जी कीपॅड फोन २०२३ मध्ये ९९९ रुपयांना बाजारात आला आणि कामाला बरा आहे. मात्र त्यात फक्त जिओचंच सिम चालतं. उद्या जिओचा टॉवर बंद पडला किंवा तुम्ही नंबर दुसरीकडे नेलात, तर फोन टॉर्चपुरता उरतो. ज्यांच्या गावात रेंजचं काही खरं नसतं त्यांनी थोडे पैसे जास्त घालून कुठल्याही सिमचा ४जी फोन घ्यावा.

५. आईला फोनवर ऐकू येतं, पण समजत नाही. मोठ्या आवाजाचा फोन कुठला?

बहुतेक वेळा आवाज मोठा असून भागत नाही, तो स्पष्ट लागतो. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोचतो. स, श, फ, ख यांचा जो सळसळणारा भाग असतो तो बराचसा याच्या वर असतो आणि वाटेतच गळून पडतो. मग 'साठ' आणि 'आठ' सारखंच ऐकू येतं. व्होएलटीईवरच्या एचडी कॉलमध्ये साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. उतारवयात बारीक, उंच पट्टीतला आवाज आधी कमी ऐकू यायला लागतो, त्यामुळे हा फरक त्यांना आपल्याहून जास्त जाणवतो. अट एवढीच, की समोरच्याचा फोनही व्होएलटीईवर हवा. एकाच कंपनीचे दोन्ही नंबर असतील तर हे सहज जुळतं.

ज्यांच्या कानात श्रवणयंत्र आहे त्यांच्यासाठी ४जी घेण्याचं आणखी एक कारण आहे. २जी फोन रेडिओलहरी सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद करत पाठवतो. जुन्या टीव्हीजवळ मोबाइल वाजायच्या आधी जी टुर्र-टुर्र यायची ती हीच. यंत्रातही ती तशीच घुमते. ४जीत हा त्रास खूपच कमी होतो. तरी फोन घेताना यंत्र कानात घालूनच दुकानात जायचं आणि दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून बोलून बघायचं.

लाउडस्पीकरची जाळी कुठे आहे तेही बघा. ती पाठीमागे सपाट असेल, तर फोन गादीवर ठेवला की आवाज दबतो.

६. बॅटरी खरंच आठवडाभर टिकते का?

२जी फोनात, रेंज चांगली आणि बोलणं बेताचं असेल तर टिकते. तेवढ्याच बॅटरीचा ४जी फोन दोन-तीन दिवसांनी चार्जिंगला लावावा लागतो. खोक्यावरचे स्टँडबायचे दिवस फोन न वापरता मोजलेले असतात, तिकडे लक्ष देऊ नका.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे कमी रेंज. टॉवर लांब असला की फोन जोर लावून लहरी पाठवतो. २जी हँडसेट ९०० मेगाहर्ट्झवर २ वॉटपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच पुण्यात पाच दिवस जाणारी बॅटरी भोरपलीकडच्या वाडीत दोन दिवसांत बसते. फोनात दोष काढण्याआधी सिम बदलून बघा.

काढता येणारी बॅटरी असलेलाच फोन घ्या, हा माझा आग्रह आहे. वर्षा-दोन वर्षांनी बॅटरी फुगायला लागते. ती ओळखायची सोपी रीत अशी : बॅटरी काढून काचेवर किंवा फरशीवर आडवी ठेवायची आणि बोटाने फिरवायची. भोवऱ्यासारखी गरगरली, तर पोट फुगलंय, टाकून द्या. ती परत फोनात दाबून बसवू नका.

७. दुकानात हातात घेऊन नेमकं काय बघू?

ज्याच्यासाठी घ्यायचाय त्याला सोबत न्या. मुलाने ऑनलाइन मागवलेला आणि बाबांनी कपाटात ठेवून दिलेला फोन बऱ्याच घरांत सापडेल.

त्यांना चष्मा काढून नंबर लावायला सांगा. बटणं एकमेकांना चिकटलेली नकोत, मधे खाच हवी, आणि पाचच्या बटणावरचा उंचवटा अंगठ्याला जाणवला पाहिजे. दाबल्यावर 'टक्' व्हायला हवं. अंक बोलून दाखवणारा कीपॅड असेल तर डोळ्यांचा त्रास असणाऱ्यांचं काम सोपं होतं, पण ती सोय मराठीत आहे की फक्त हिंदी-इंग्रजीत ते तिथेच ऐकून घ्या. टॉर्चला स्वतंत्र बटण आहे की मेनूत शिरावं लागतं हेही बघा. लाइट गेल्यावर मेनू कोण शोधत बसणार?

सिमचा आकारही बघा. बऱ्याच कीपॅड फोनांत मोठ्या सिमची खाच असते आणि स्मार्टफोनातलं सिम नॅनो असतं. मधे बसवायची चौकट वीस-तीस रुपयांना मिळते, पण ओढताना ती आत अडकून पिना वाकतात. कंपनीच्या दुकानातून योग्य आकाराचं सिमच बदलून घ्या. (त्याआधी प्रश्न १० वाचा.)

चार्जिंग टाइप-सी असेल आणि नव्या, दोन्हीकडे सी असलेल्या केबलने फोन चार्ज होत नसेल, तर घाबरू नका. स्वस्त फोनांत एक छोटा रेझिस्टर वाचवलेला असतो. जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने तोच फोन चार्ज होईल.

८. मेसेज मराठीत वाचता-लिहिता येतील का?

वाचता येतील. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांसाठी आयएस १६३३३ या मानकाने सगळ्या २२ अनुसूचित भाषा वाचता येण्याची सोय सक्तीची केली आहे, आणि लिहिण्यासाठी इंग्रजी, हिंदी व आणखी एक भारतीय भाषा. ही तिसरी भाषा प्रत्येक मॉडेलमध्ये मराठीच असेल असं नाही. मात्र हिंदीच्या कीपॅडवर देवनागरी असल्याने काम निभतं, फक्त 'ळ' कुठल्या बटणावर आहे तो आधी शोधून ठेवा. जुन्या, २०१७ च्या आधीच्या फोनांत मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसू शकतात.

९. छोटासाच मराठी मेसेज पाठवला, तरी दोन-तीन मेसेज कापले गेले. असं का?

इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीचं एक अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "उद्या सकाळी येतो" हे आपल्याला सात अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा वाटतात, फोनच्या हिशेबाने ते १६ होतात. मेसेज ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. रोज शंभर मेसेजचा पॅक असेल तर फिकीर नाही. सुटे पैसे जात असतील, तर पत्ता, गाडीची वेळ असे मजकूर तुटक लिहा.

१०. बँकेचे ओटीपी यायचे बंद झालेत. कीपॅड फोनावर येत नाहीत का?

येतात, साध्या मेसेजसारखेच. दोन कारणं नेहमीची. पहिलं, मेसेजची जागा भरलेली असते. कीपॅड फोनात थोडेच मेसेज मावतात आणि जाहिरातींनी पेटी तुडुंब होते. वर पाकिटाचं चिन्ह लुकलुकत असेल तर तेच झालंय, जुने मेसेज काढून टाका.

दुसरं, सिम नुकतंच बदललंय. सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास मेसेज बंद ठेवतात. त्यामुळे पेन्शनचं किंवा बँकेचं काम ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका.

११. नेट वापरायचंच नाही, तर नेटचे पैसे का भरायचे? नुसत्या बोलण्याचा रिचार्ज मिळतो का?

मिळतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे व्हाउचर ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. पुढच्याच महिन्यात असे पॅक आले. दुकानदार स्वतःहून ते दाखवत नाही, "फक्त कॉल-मेसेजवाला, ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा" असं नाव घेऊन मागा.

मुदत संपल्यावर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद होतं. बाबांचा फोन "लागत नाही" म्हणून घाबरून गावी निघण्याआधी रिचार्जची तारीख बघा.

१२. कीपॅड फोनावरून यूपीआयने पैसे देता येतात?

येतात. यूपीआय १२३पे ही सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनांसाठीच सुरू केली. एका नंबरवर फोन लावून, सांगितलेली बटणं दाबत पैसे पाठवता येतात आणि नेट लागत नाही. एका व्यवहाराची मर्यादा १०,००० रुपये आहे. *९९# लावून पैसे पाठवायची सोय त्याआधीचीच. दोन्हीसाठी नंबर बँकेत नोंदवलेला हवा आणि पहिल्यांदा पिन तयार करताना डेबिट कार्ड जवळ लागतं.

खरं सांगायचं तर भाजीवाल्यापुढे रांगेत उभं राहून हे करायला वेळ लागतो. गावी भावाला पैसे पाठवायला किंवा रिचार्जला ठीक आहे. आणि साधा फोन आहे म्हणून फसवणूक होत नाही असं समजू नका. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याला तुमच्या हातातला फोन कुठला आहे याने फरक पडत नाही. तसं काही झालं तर लगेच १९३० वर फोन करा.

१३. बाकी काही नको, पण व्हॉट्सॅप हवं. कीपॅडवर चालतं का?

पूर्वी जिओफोनसारख्या, कायओएस या प्रणालीवर चालणाऱ्या कीपॅड फोनांवर चालायचं, आता व्हॉट्सॅपने तिथली सोय बंद केली आहे. दुकानात जुना साठा "व्हॉट्सॅपवाला फोन" म्हणून दाखवतील, त्याला भुलू नका.

सिम कीपॅड फोनात ठेवायचं आणि त्याच नंबरचं व्हॉट्सॅप घरच्या टॅबवर ओटीपी टाकून चालू करायचं, ही युक्ती अनेकांनी केली. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने नोंदवलेलं सिम त्याच उपकरणात असल्याशिवाय अशी अ‍ॅप चालू देऊ नयेत, असे निर्देश दिले. त्यामुळे या युक्तीच्या भरवशावर फोन निवडू नका. नातवंडांचे फोटो बघायचेच असतील, तर प्रश्न १४ तुमच्यासाठी आहे.

१४. स्मार्टफोनच साधा करून दिला तर?

शहरात राहणाऱ्या आणि टच जमणाऱ्या माणसाला चालेल. नेट बंद, पहिल्या पानावर चार मोठी चित्रं, ती घरच्या चार नंबरांची. काही कंपन्यांच्या फोनांत मोठ्या अक्षरांचा सोपा मोड आयता असतो.

पण शेतात, मातीत, पाण्यात काम करणाऱ्यांच्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी असते, आणि टचला तिचा स्पर्शच कळत नाही. माणूस वाजणारा फोन उचलायला हिरवं वर्तुळ सरकवतोय, ते सरकत नाही, आणि तेवढ्यात कॉल कटतो. हे एकदा बघितलं की कीपॅडचं महत्त्व पटतं. ओल्या हाताचंही तसंच.

१५. दहावी-बारावीच्या मुलाला कीपॅड फोन द्यायचाय. कुठला?

२जी, आणि सिम जिओ सोडून दुसऱ्या कंपनीचं. काही ४जी कीपॅड फोनांत यूट्यूब शॉर्ट्स असतात, म्हणजे ज्याच्यासाठी हा उद्योग केला तेच खिशात.

१६. जुना नोकिया ११०० मिळतोय. तो कधी बिघडत नाही म्हणतात, घेऊ का?

२००३ साली आलेला हा फोन जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला, आणि त्याच्या टॉर्चवर कितीतरी गावांत रात्रीचं पाणी धरलं गेलं. आठवण म्हणून ठेवायला छानच. पण तो २जी आहे, आणि बाजारात "नवा कोरा" म्हणून मिळतो तो बहुधा जुन्या बोर्डावर नवं कवच चढवलेला असतो. घ्यायचाच असेल, तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनाचा ओळख क्रमांक, काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकून बघा. इंग्रजीत केवायएम, जागा, मग तो नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवूनही तपासता येतो. चोरीचा म्हणून बंद केलेला किंवा एकच नंबर अनेक फोनांना लावलेला असेल तर तिथे कळतं.

१७. अडचणीच्या वेळी एका बटणावर मदत मिळते का?

१ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या कीपॅड फोनात ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागतो, हल्ली तो ११२ वर जातो. म्हणून या दोन बटणांवर मुलाचा किंवा सुनेचा स्पीड डायल ठेवू नका. २, ३, ४ ठीक आहेत. काही फोनांत पाठीमागे वेगळं एसओएस बटण असतं, ते दाबल्यावर आपण दिलेल्या नंबरांना ओळीने फोन जातो. खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून कीपॅड आपोआप लॉक होईल अशी सेटिंग करून द्या.

१८. दोन सिम घातलीत, तरी लोक म्हणतात फोन लागत नाही.

एका सिमवर बोलणं चालू असताना बहुतेक कीपॅड फोनांत दुसरं सिम झोपलेलं असतं. कॉल वेटिंग त्याच सिमपुरतं. उपाय म्हणजे, फोन आवाक्याबाहेर असेल तेव्हाच पहिल्या सिमचे कॉल दुसऱ्यावर वळवायचे आणि दुसऱ्याचे पहिल्यावर. हे फोनच्या सेटिंगमधूनच करा. कुणी अनोळखी माणूस फोनवर कोड सांगून वळवायला लावत असेल, तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवतोय.

१९. बीएसएनएलचं ४जी आलंय, तरी आमच्या ४जी कीपॅडवर २जीच दिसतं.

बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. ७०० म्हणजे बँड (लहरींचा पट्टा) २८, आणि स्वस्त कीपॅड फोनांत तो सहसा नसतो. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बँडच्या यादीत २८ बघा. सिमही जुनं असेल तर ४जी सिम बदलून घ्यावं लागतं. तोपर्यंत २जीवर कॉल लागताहेत ना? मग घाई नाही.

२०. आईबाबा सहा महिने मुलीकडे अमेरिकेत जाताहेत. इथला कीपॅड फोन तिथे चालेल?

२जी असेल तर नाही म्हणूनच धरा. तिथल्या एटी अँड टी या कंपनीने २जी २०१७ च्या सुरुवातीला आणि ३जी २०२२ मध्ये बंद केलं, व्हेरायझननेही २०२२ संपताना ३जी बंद केलं. इथल्या ४जी कीपॅडमध्ये तिथले बँड नसतात, आणि असले तरी तिथल्या कंपन्या स्वतः मान्य केलेल्या मॉडेललाच व्होएलटीई कॉल देतात. सिंगापूरला २जी २०१७ मध्येच बंद झालं. ऑस्ट्रेलियात ३जी ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून, ४जीवरून आपत्कालीन कॉल लावू न शकणारे फोन नेटवर्कवर घेतच नाहीत.

त्यांच्यासाठी तिकडचाच घडीचा फोन तिथे घ्या. इथलं सिम मात्र चालू ठेवायचंय, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. निघण्याआधी त्यात मुदत पुरेल एवढा रिचार्ज टाका, रोमिंग चालू करून घ्या आणि ते सिम मुलीच्या जुन्या स्मार्टफोनात घालायला सांगा. तिथे इनकमिंग कॉल उचलला की रोमिंगचे पैसे पडतात, त्यामुळे इथल्या नातेवाइकांना तिकडचाच नंबर द्या.